सत्तरीच्या रानात, धरणाच्या पाण्याजवळ: कुटुंबाचा तीन दिवसांचा मुक्काम कसा आखावा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, अंजुणे धरणाजवळ मुक्कामाला जायचे ठरले की आधी सूर्यास्ताची वेळ बघा. घर आणि जेवण नंतर. नोव्हेंबरच्या अखेरीस गोव्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि झाडांखाली काळोख त्याआधीच दाटतो. रानातल्या मुक्कामात जे काही बिघडते ते बहुतेक याच वेळेनंतर. घर सापडत नाही, रस्त्यात गवा उभा असतो, पंप बंद पडतो, मुलाच्या पायाखाली काय आले ते दिसत नाही. म्हणून पुढचा सगळा आराखडा एका नियमावर बेतला आहे: सूर्य मावळल्यावर कुणालाही अंगणाबाहेर पडायची गरज उरू नये.

कधी जावे

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारीचा मध्य हा काळ सगळ्यांत चांगला. पावसाने भरलेले धरण अजून काठोकाठ असते, व्हाळ वाहते असतात, रात्री अंगावर पातळ रजई घ्यावीशी वाटते. शाळेला नाताळची सुटी असतेच. त्या दिवसांत किनाऱ्यावर गर्दी उसळते, पण सत्तरीतल्या वाळपई-केरीकडे तितकी नसते. घर मात्र ऑक्टोबरातच ठरवून ठेवा, कारण या भागात कुटुंबाला पुरतील अशी घरे मोजकीच आहेत.

ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाटी पाऊस येऊ शकतो आणि जमीन ओली असेपर्यंत जळवाही असतात. फेब्रुवारीपासून पाणी उतरू लागते, काठाला चिखलाचा पट्टा उघडा पडतो आणि गोचिडांचा हंगाम भरात येतो. मार्चमध्ये वणव्याची भीती असते. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात दिवसेंदिवस आगी लागत होत्या. जून ते सप्टेंबर रान सगळ्यात देखणे असते हे खरेच. पण धबधब्यांत आणि पाणवठ्यांत उतरण्यावर सरकारी बंदीचे आदेश निघतात, घाटात धुके आणि दरडी असतात, आणि लहान मुले व आजी-आजोबा बरोबर असतील तर तीन दिवस घरातच बसून काढावे लागतात. पावसाळा मोठ्यांनी मोठ्यांसाठी ठेवावा.

कुठले पाणी

सत्तरीत केरीजवळ, चोर्ला घाटाच्या पायथ्याला अंजुणे धरण आहे. या लेखात तेच धरले आहे, कारण रान, पाणी आणि बाजार यांचा मेळ तिथे बरा बसतो. दक्षिणेत सांगे तालुक्यातले साळावली धरण खूप मोठे आहे. त्याच्या पोटात गेलेल्या कुर्डी गावाचे अवशेष मे महिन्यात पाणी ओसरले की उघडे पडतात. तेवढे बघायचे असेल तर उन्हाळ्यात एका दिवसाची फेरी करा, मुक्काम नको. काणकोणात खोतीगाव अभयारण्याच्या बाजूला चापोली धरण आहे. घरात दोन-तीन वर्षांचे मूल असेल आणि रानाची धास्ती वाटत असेल, तर डिचोलीजवळच्या मये तलावापासून सुरुवात करा. ते रान नव्हे, पण दवाखाना आणि दुकान हाताशी राहते.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. धरणाच्या अगदी काठाची जमीन सरकारी असते, त्यामुळे राहायची घरे बहुतेक करून एक ते पाच किलोमीटर आत, कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) किंवा वाड्यावर असतात. जाहिरातीत ‘तलावाकाठी’ लिहिलेले असले तरी मालकाला विचारा: पाण्यापर्यंत किती मिनिटे चालावे लागते, आणि वाट कुणाच्या जमिनीतून जाते? अभयारण्याच्या हद्दीत शिरायचे असेल तर वनखात्याची परवानगी आणि शुल्क लागते. म्हादई अभयारण्य १९९९ साली घोषित झाले, ते २०८ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्यात वाघ आहेत. २०२० च्या जानेवारीत गोळावलीच्या रानात चार वाघ मेलेले सापडले, ही गोष्ट सत्तरीत अजून कुणी विसरलेले नाही. वाटाड्याशिवाय आत जाऊ नये.

घर ठरवताना

फोटो शेवटी बघा, आधी पाणी विचारा. आठ माणसांना आंघोळ, संडास, स्वयंपाक आणि भांडी धरून दिवसाला साधारण ८०० लिटर पाणी लागते. हजार लिटरची टाकी म्हणजे जेमतेम सव्वा दिवस. ती रोज भरली गेली पाहिजे, आणि भरायची तर पंपाला वीज हवी. या भागात झाडाची फांदी तारेवर पडली की वीज तासन्‌तास जाऊ शकते, आणि घरगुती इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, पंप चालत नाही. डोंगरातल्या झरीचे पाणी उताराने थेट टाकीत येत असेल तर ते घर निःशंक घ्या. तसे नसेल तर दोन टाक्या किंवा जनरेटर आहे का, ते विचारा. गीझरचेही तेच. मागच्या पडवीत चुलीवरचे भाण (पाणी तापवायचे मोठे भांडे) असेल तर वीज गेली तरी सगळ्यांना ऊन पाणी मिळते. लाकडे कोण पुरवणार तेवढे ठरवून घ्या.

फोनवर आणखी एवढे विचारून घ्या:

पर्यटन खात्याकडे घराची नोंदणी आहे का? १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्यानुसार पाहुणे ठेवणाऱ्या घराला ती लागते. नोंदणी क्रमांक सांगायला मालकाने आढेवेढे घेतले तर दुसरे घर बघा.

आठ जणांना न्हाणीघरे किती? दोनपेक्षा कमी असतील तर सकाळचे दोन तास भांडणात जातील. आजी-आजोबांसाठी कमोड हवा, आणि तो खोलीला लागून हवा. काळोखात अंगण ओलांडून जावे लागत असेल तर ते घर त्यांच्यासाठी नाही.

खिडक्यांना जाळी आहे का, दारांखाली फट किती, कौलांखाली आडोसा आहे का? दाराखाली बोटभर फट असेल तर विंचू-सापाला तेवढी पुरते. जुन्या चादरीची गुंडाळी करून रात्री फटीला लावायची, हा सोपा इलाज. मच्छरदाण्या मालकाकडे नसतील तर आपल्या न्या.

शेवटचे तीनशे मीटर रस्ता कसला आहे? चिऱ्याच्या मातीचा चढ ओला झाला की छोटी गाडी जागच्या जागी फिरते. गाडी कुठपर्यंत येते, आणि तिथून सामान कोण आणते?

फोनची रेंज घरात येते की अंगणाच्या एखाद्याच कोपऱ्यात, आणि कुठल्या कंपनीची? घरातल्या दोघांकडे वेगवेगळ्या कंपन्यांची सिमे असू द्या. रस्त्याचा नकाशा निघण्यापूर्वीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

राखण करणारा माणूस रात्री घरावर असतो की गावात जातो? त्याचा नंबर कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा. फोन संपला तर कागद उपयोगी पडतो.

भाडे, आगाऊ रक्कम, रद्द केल्यास किती परत, गॅस आणि अंथरुणे धरून की वेगळी, हे सगळे संदेशात लिहून घ्या. तोंडी ठरलेल्या गोष्टींवरून शेवटच्या सकाळी वाद होतात.

जायचा दिवस

पणजीहून साखळीमार्गे केरीपर्यंत सव्वा ते दीड तास धरा. हिशेब उलटा करा: साडेतीनला घरी पोचायचे, म्हणून दीडला निघायचे, म्हणून जेवण साडेबाराला. पेट्रोल, रोख पैसे, औषधे आणि पाण्याचे कॅन साखळीत किंवा वाळपईत घ्या; पुढे त्यांचा भरवसा नाही. कदंब महामंडळाची सरकारी बस वाळपईला जाते, पण पुढच्या गावांच्या फेऱ्या थोड्या असतात. बसने जाणार असाल तर वाळपईहून घरापर्यंतची रिक्षा किंवा जीप आधीच सांगून ठेवा.

पोचल्यावर सामान सोडायच्या आधी उजेडात पाच कामे करा. टाकीत पाणी किती ते बघा. सिलिंडर उचलून वजन पाहा. प्रत्येक दिवा लावून पाहा. गाद्या आणि चादरी झटका. मग मुलांना घेऊन घराभोवती एक फेरी मारा आणि विहीर, दगडांची रास, लाकडांचा ढीग, कुंपण दाखवून इथे हात घालायचा नाही, हे सांगा. सापांना लाकडांचे ढीग आवडतात. मुलांना ‘घाबरू नका’ म्हणण्यापेक्षा जागा दाखवलेली बरी.

काळोख पडल्यावर गाडी चालवायची वेळ आलीच आणि रस्त्यात गवा दिसला, तर थांबा, दिव्यांचा झोत खाली करा, भोंगा वाजवू नका. कळप असेल तर शेवटचे पिल्लू पार होईपर्यंत थांबायचे. आई आणि पिल्लू यांच्या मधे गाडी घालणे ही सगळ्यात वाईट चूक.

जेवणाचे सामान

सहा मोठी माणसे आणि दोन मुले, दोन रात्री, म्हणजे भाताची चार जेवणे. माणशी १०० ग्रॅम धरून सव्वातीन किलो तांदूळ. साडेतीन किलो न्या. उकडा न्यायचा असेल तर तासभर भिजवून ठेवा, नाहीतर शिजायला वेळ आणि गॅस दोन्ही खूप जातात. सकाळच्या पेजेसाठी आणखी अर्धा किलो. डाळ व कडधान्ये मिळून दीड किलो, कांदे दोन किलो, बटाटे दोन किलो, टोमॅटो एक किलो, अंडी दोन डझन, नारळ सहा, आमसुले १०० ग्रॅम, तेल एक लिटर, आणि साखर-चहापूड घरच्या हिशेबाने. दूध टेट्रापॅकमधले घ्या, उघडेपर्यंत ते फ्रिजशिवाय टिकते.

बेत ठरवताना नाशवंत आधी, टिकाऊ शेवटी. पहिल्या रात्री ताज्या मासळीची आमटी. मासळी सकाळी साफ करून, मीठ-हळद लावून बर्फात न्यावी आणि त्याच रात्री संपवावी. दुसऱ्या दिवशी दुपारी चण्याचा रोस किंवा आळसाण्याचे (चवळीसारख्या कडधान्याचे) तोणाक, रात्री अंड्यांची आमटी. तिसऱ्या दिवशी सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, डाळ आणि सोलकढी. याला फ्रिज लागत नाही. श्रावण-मार्गशीर्ष पाळणारे घर असेल तर पहिल्या रात्री खतखते (मिश्र भाज्यांची आमटी) करा. ते दुसऱ्या सकाळी अधिकच चांगले लागते, फक्त झोपण्यापूर्वी एकदा उकळी आणून ठेवा.

वाटण घरीच करून न्या. वीज नसताना मिक्सर शोभेचा, आणि रगडा प्रत्येक घरी असतोच असे नाही. निघायच्या दोन दिवस आधी वाटण वाटून, चपट्या डब्यांत भरून गोठवा. हे डबे थर्माकोलच्या पेटीत मासळीभोवती रचले की बर्फही कमी लागतो. वितळलेले नारळाचे वाटण मात्र उष्ण हवेत सहा-सात तासांत आंबते, म्हणून त्या दिवसाचे त्याच दिवशी वापरा. इडली-डोशाचे पीठ नेऊ नका. गाडीच्या उबेत ते फुगून डब्याबाहेर येते.

पोई (गोव्याचा कोंड्याचा पाव) दोन दिवस छान राहते. तिसऱ्या दिवसासाठी रवा किंवा पोहे ठेवा. सुकी मासळी घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच हवी. पिशवीत ठेवली तर वासावर रात्री कांडेचोर (उदमांजर) येतो, आणि सकाळी माकडे उरलेसुरले नेतात. माकडांना मुलांच्या हातून काही खायला देऊ नका. एकदा सवय लागली की पुढच्या पाहुण्यांच्या हातातून ती ओढून घेतात.

पिण्याचे पाणी माणशी तीन लिटर धरले तर आठ जणांना दिवसाला २४ लिटर. वीस लिटरचे तीन कॅन आणि वर एक राखीव. झरीचे पाणी कितीही निर्मळ दिसले तरी प्यायला उकळूनच घ्या.

माकडताप आणि गोचीड

या भागात येऊन ज्याकडे दुर्लक्ष करता येत नाही ते हे. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे आपला माकडताप, १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला. सत्तरीत २०१५ पासून त्याचे रुग्ण सापडू लागले, पाळी गावापासून. विषाणू माकडांत येतो आणि गोचिडांमार्फत माणसाला होतो. माणसाकडून माणसाला होत नाही. डिसेंबर ते मे हा त्याचा हंगाम, कारण त्या काळात गोचिडांची पिल्ले पाल्यापाचोळ्यात भरपूर असतात. ती तिळाहून लहान असतात, चावलेली कळतही नाहीत. काजूच्या बागेत काम करणाऱ्यांना म्हणूनच धोका जास्त. पाहुण्यालाही तो आहे, पण थोडी शिस्त पाळली तर बराच कमी होतो.

फिरायला जाताना फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला; फिक्या कापडावर गोचीड दिसते. पँटचे पाय मोज्यांत खोचा. उघड्या कातडीवर डीट (किडे दूर ठेवणारे औषध) असलेले मलम लावा. मुलांना ते मोठ्यांनी आपल्या हाताने लावावे, आणि मुलांच्या तळव्यांना लावू नये, कारण तो हात तोंडात जातो. पाचोळ्यावर बसू नका, बसायला प्लास्टिकची चटई न्या. मळलेल्या वाटेने चाला, झुडपांना अंग घासत नको.

परतल्यावर कपडे दाराबाहेरच उतरवून ऊन पाण्यात भिजवा, मग साबणाने आंघोळ. त्यानंतर एकमेकांना तपासा: कानामागे, काखेत, कमरेच्या नाडीच्या रेषेवर, गुडघ्याच्या मागे, मुलांच्या केसांत. गोचीड चिकटलेले दिसले तर बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, तेल, पेटती काडी यांपैकी काही करू नका. त्याने ते आणखी लाळ सोडते. रानात मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नका, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

साप चावला तर माणसाला आडवे करा, अंगठी-बांगडी-पैंजण काढा, हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलू देऊ नका, आणि १०८ ला फोन लावा. कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका, आणि साप पकडायच्या मागे लागू नका. वाळपईला सामाजिक आरोग्य केंद्र आहे. मोठा दवाखाना म्हणजे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय. घरापासून वाळपईला गाडीने किती मिनिटे लागतात ते पहिल्याच दिवशी माहीत करून घ्या. औषधांच्या पेटीत थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ओआरएसची दहा पाकिटे, ॲलर्जीची गोळी, चिमटा, बँडेज आणि घरातल्यांची रोजची औषधे एक दिवस जास्त. हातातली बॅटरी (टॉर्च) प्रत्येकाची वेगळी.

धरणाच्या पाण्यात कुणीही उतरू नये

पोहता येणाऱ्यानेही नाही. हे तळे नसून बुडालेली दरी आहे. काठ पावलागणिक खोल होत जात नाही, एकदम तुटतो. तळाशी जुन्या झाडांचे बुंधे आणि गाळ असतो, आणि गाळात अडकलेला पाय जोर लावला की आणखी रुततो. मुलांना काठापासून वीस पावलांवर रेघ आखून द्या आणि एका मोठ्या माणसाकडे फक्त त्यांच्यावर लक्ष ठेवायचे काम असू द्या. त्याने फोन दुसऱ्याकडे द्यावा. पाण्यात खेळायचेच असेल तर घरामागच्या उथळ व्हाळात, राखणदाराने दाखवलेल्या जागी, दुपारच्या उन्हात.

पाण्याची खरी मजा सकाळी आहे. पावणेसातला निघा, नऊला परत या. दोन माणसांत एक ८×४२ ची दुर्बीण पुरे. पिकलेल्या वडाखाली किंवा उंबराखाली अर्धा तास गप्प उभे राहिले तर धनेश येतात. दिसण्याआधी त्यांच्या पंखांचा आवाज कानावर पडतो. दाट सावलीत नशीब असेल तर कर्णा (ट्रोगॉन) हा पक्षी दिसतो. मुलांना पक्ष्यांची यादी पाठ करायला लावू नका, प्रत्येकाला एकच पक्षी नेमून द्या.

दिवसाला बाहेरची एकच फेरी ठेवा. एक दिवस हरवळ्याचा धबधबा, रुद्रेश्वराचे देऊळ आणि तिथली लेणी, परत येताना साखळीचा बाजार. दुसऱ्या दिवशी केरीची आजोबाची राय. ही देवराई आहे: पायताण बाहेर, पानही तोडायचे नाही, पडलेले लाकूडही उचलायचे नाही. गावकऱ्यांनी ती इतकी वर्षे राखली ती याच नियमांनी. दोन फेऱ्या एका दिवसात कोंबल्या की घरी यायला काळोख होतो.

संध्याकाळी अंगणात शेकोटी नको. डिसेंबरातसुद्धा पाचोळा सुका असतो. काचेच्या बाटल्या आणि स्पीकर घरीच ठेवून या. पत्ते, कॅरम, आजीच्या गोष्टी आणि साडेआठला जेवण, एवढे पुरते.

निघताना आणि त्यानंतर

कचऱ्यासाठी दोन मोठ्या पिशव्या आणलेल्या असू द्या. ओला कचरा राखणदार खड्ड्यात घालत असेल तर त्याला द्या, सुका सगळा गाडीतून आपल्या गावी. बुटांचे तळवे घासा, पिशव्या उलट्या करून झटका, गाडीच्या गाद्यांखाली बघा.

घरी आल्यावर दोन आठवडे लक्ष असू द्या. कुणाला अचानक जोराचा ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाली तर घरच्या घरी गोळ्या घेत बसू नका. डॉक्टरकडे जा आणि त्यांनी विचारायची वाट न बघता सांगा, की सत्तरीच्या रानात राहून आलो, अमुक तारखेला, आणि गोचीड चावले होते किंवा चावले असेल. माकडतापाचा ताप बहुधा चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत येतो. तारीख कळली की रक्त कुठे पाठवायचे ते त्यांना लगेच ठरवता येते.